वीज लावण्यापूर्वीं



घरांतील एखादें यंत्र बंद पडलें म्हणजे बहुतेक ठिकाणीं एकच प्रकार घडून येतो. यंत्र रेडिओ असो, मिक्सर असो, किंवा संगणक असो. आपण बटण दाबतों, यंत्र निमूट राहतें. आपण बटण पुनः दाबतों, पिन काढून दुसऱ्या ठिकाणीं बसवितों, आणि शेवटीं यंत्रास एक चापट मारून पाहतों. एवढ्यानें भागलें नाहीं म्हणजे घरांतील धीट मुलगा स्क्रू काढून झांकण उघडतो, आंतील हिरव्या पाटीकडे, म्हणजे सर्किट बोर्डाकडे, क्षणभर पाहतो, आणि झांकण तसेंच उघडें ठेवून पुनः वीज लावतो. कां? तर, “काय होतें तें एकदां पाहूं!” या एका वाक्याविरुद्ध प्रस्तुत लेखांत मला थोडेंसें लिहावयाचें आहे.

माझें म्हणणें असें कीं, बिघडलेल्या बोर्डास वीज लावून पाहणें ही त्याची परीक्षा नव्हे. परीक्षा त्याच्या आधीं, वीज पूर्णपणें तोडून, झाली पाहिजे. आणि ती कशी करावी हें आपल्या शाळांतून रीतसर शिकविलें गेलें पाहिजे. आपल्या घरीं धान्य आधीं निवडतात आणि मग दळतात. गव्हांत खडा आहे कीं नाहीं हें जात्यास विचारावें, असें कोणाही शहाण्या गृहिणीस वाटत नाहीं. कारण जात्याचें उत्तर मिळेपर्यंत पीठही खराब होतें आणि जात्याची टांकीही बिघडते. विजेच्या बाबतींत मात्र आपण नेमके उलट वागतों.

हें मी शहाणपणाच्या उंच आसनावरून सांगत नाहीं. माझ्या हातून झालेल्या एका चुकीनें मला हा धडा शिकविला आहे. कांहीं वर्षांपूर्वीं मी ज्या शाळेंत शिकवीत होतों, तेथें पारितोषिक-समारंभाच्या आदल्या दिवशीं ध्वनिवर्धक एकाएकीं मुका झाला. दहावीच्या वर्गांतील एक हुषार विद्यार्थी तो उघडून बसला. फ्यूज जळाला होता. त्यानें नवा बसविला. वीज लावतांच तोही गेला. तिसरा बसविला, त्याचीही तीच गत झाली. तो मला विचारावयास आला तेव्हां मी पाहुण्यांच्या खुर्च्यांच्या व्यवस्थेंत गुंतलों होतों. त्याच्याकडे न पाहतांच मीं म्हटलें, “अरे, जरा जाड तार घालून एकदां लावून पहा!”

त्यानें गुरूची आज्ञा पाळली. फ्यूजच्या जागीं तांब्याची तार गुंडाळून त्यानें बटण दाबलें. या खेपेस तार जळाली नाहीं. थोडा वेळ जड असा घूंकार ऐकूं आला, मग उग्र वास सुटला, आणि ट्रान्सफॉर्मरमधून काळा धूर निघूं लागला. मुलानें घाबरून ती लोखंडी पेटी हातानेंच टेबलावरून बाजूस सारण्यासाठीं हात पुढें केला. इतक्यांत शिपायानें भिंतीवरील बटण बंद केलें, म्हणून अनर्थ टळला. दुसऱ्या दिवशींचा समारंभ ध्वनिवर्धकावांचून पार पडला. मागील रांगांस भाषणें ऐकूं आलीं नाहींत, यापलीकडे कोणाचें कांहीं अडलें नाहीं. परंतु त्या मुलाचा भेदरलेला चेहरा मी विसरलों नाहीं. कारण जें त्यानें केलें तें माझ्या सांगण्यावरून केलें होतें.

सुट्टींत आम्हीं दोघांनीं बसून तो बोर्ड मल्टिमीटरनें तपासला. त्यांत विजेचा प्रवाह एकाच दिशेनें वाहूं देणारे चार डायोड होते. मीटर लावतांच त्यांपैकीं दोन दोषी दिसले; त्यांतून दोन्ही दिशांनीं प्रवाह जात असल्याचें मीटर सांगूं लागलें. दोन्ही बदलावे असा आमचा विचार होता. तेवढ्यांत त्या विद्यार्थ्यानेंच एका डायोडचा एक पाय सोल्डर वितळवून बोर्डापासून सोडविला आणि पुनः मोजून पाहिलें, तों तो डायोड अगदीं निर्दोष निघाला. त्याच्या शेजाऱ्याचा दोष ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांतून फिरून त्याच्या माथीं दिसत होता. खरा अपराधी एकच होता, आणि त्याची किंमत एक कप चहाहून कमी होती. त्यास शोधावयास आम्हांस वीज मुळींच लागली नाहीं. फ्यूज हा तर पहारेकरी. घरांत चोर शिरल्याची वर्दी देऊन तो आपल्या जागीं मेला होता. त्याच्या जागीं जाड तार घालून आम्हीं चोर सोडून संन्याशास सुळीं दिलें, आणि वर ट्रान्सफॉर्मर जाळला.

बिघडलेल्या बोर्डांत वीज सोडली असतां दोन तोटे होतात. पहिला असा कीं, एका भागाचा दोष शेजारच्या भागांवर पसरतो. एक निकामी झाला होता तेथें चार होतात, आणि तांब्याच्या बारीक पट्ट्या तापून पाटीपासून सुटतात. दुसरा तोटा याहून मोठा. प्रथम काय बिघडलें याची खूण काजळींत कायमची पुसून जाते. म्हणून जो मनुष्य “एकदां लावून पाहूं” म्हणतो, तो पाहण्याचें साधनच नष्ट करीत असतो.

मग वीज न लावतां पहावें तरी कसें? प्रथम वीज खरोखर तोडली आहे कीं नाहीं हें ठरविलें पाहिजे. बटण बंद करणें पुरेसें नाहीं. पिन भिंतींतून काढून ती डोळ्यांसमोर टेबलावर ठेवावी. तरीही बोर्ड लगेच निर्जीव होतो असें समजूं नये. आपल्याकडे घरांत 230 व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज येते. तिची शिखरें सुमारें 325 व्होल्टपर्यंत पोंचतात. संगणक, टीव्ही यांच्या विद्युत्-पुरवठ्यांत ही वीज सरळ करून एका मोठ्या कपॅसिटरमध्यें, ज्यास जुने कारागीर कंडेन्सर म्हणतात त्यांत, सांठविलेली असते, आणि पिन काढल्यावरही ती कित्येक वेळां तेथें राहते. तिला योग्य रोधकांतून वाट देऊन रिकामी करणें, आणि ती रिकामी झाली हें मीटरनें मोजून पाहणें, हें जाणत्या माणसाचें काम आहे. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडणें हा पराक्रम नव्हे. मायक्रोवेव्ह ओव्हन आणि जुने कांचेच्या नळीचे टीव्ही तर विद्यार्थ्यांनीं मुळींच उघडूं नयेत. त्यांतील वीज हजारों व्होल्टची असते. ज्यांत बॅटरी आहे त्या यंत्राची बॅटरी आधीं काढावी. मात्र मोबाईलची बॅटरी फुगलेली दिसल्यास तिला हात न लावतां वडील माणसांस सांगावें. ज्यास आरंभ करावयाचा असेल त्यानें साध्या सेलवर चालणारें खेळणें किंवा छोटा रेडिओ घ्यावा.

दुसरी पायरी डोळ्यांची आणि नाकाची. बोर्ड खिडकीशीं नेऊन तिरप्या उजेडांत भिंगाखालीं धरावा आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, ओळ न चुकवितां वाचीत जावें, तसा पहावा. डबीसारख्या कपॅसिटरचा माथा सपाट असावयास हवा. तो फुगला असेल किंवा त्यावर तपकिरी पाझर दिसत असेल, तर तो गेला असें समजावें. सुमारें 1999 ते 2007 या काळांत सदोष द्रव भरलेले असे कपॅसिटर जगभर असंख्य संगणकांत बसले होते, आणि ते ओळखावयास कोणतेंही यंत्र लागत नसे. फुगलेला माथा पुरे होई. जड भागांच्या पायांभोंवतीं सोल्डरमध्यें केंसासारखी बारीक वर्तुळाकार भेग पडते. ती दिसली कीं, अर्धें काम झालें. एलईडीचा दिवा बंद पडला असतां आंतील पिवळ्या टिकल्यांपैकीं एकीवर पुष्कळदां काळा ठिपका आढळतो. टिकल्या एकामागें एक जोडलेल्या असल्यामुळें एक तुटली कीं, सारी माळ विझते. रिमोटच्या जुन्या सेलांतून झिरपलेला पांढरा-हिरवा क्षार तारा खाऊन टाकतो. आपल्या कोंकणांत तर पावसाळ्यांतील ओल, मुंग्या आणि पाली यांची साक्ष बोर्डावर हटकून सांपडते. शेवटीं नाक जवळ न्यावें. जळालेल्या भागाचा वास पुष्कळ दिवस टिकतो आणि तो कोठून येतो हें सांगतो.

यानंतर मीटर. हातांत धरतां येणारें, व्होल्ट, अँपियर आणि ओहम हीं तिन्ही मोजणारें “अ‍ॅव्होमीटर” इंग्लंडांत 1923 सालीं निघालें. त्याचे वंशज आज बाजारांत थोडक्या रुपयांत मिळतात. पण त्यामागील नियम याहून जुना आहे, आणि तो एका शाळाशिक्षकाचा आहे हें आपल्या शाळेंतील मुलांस ठाऊक असावें. जॉर्ज सायमन ओहम हे 1817 पासून कोलोन येथें, जेझुइट पाद्र्यांनीं स्थापिलेल्या एका जुन्या विद्यालयांत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत. तेथील प्रयोगशाळेंत वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून त्यांनीं मोजमापें केलीं, आणि 1827 सालीं आपला नियम ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. त्याचें स्वागत प्रथम थंडपणें झालें. पुढें 1841 मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस कोप्ले पदक दिलें. आज रोध मोजण्याच्या एककास त्यांचेंच नांव आहे.

मीटर आपल्या लहानशा बॅटरींतून बोर्डांत अगदीं थोडा प्रवाह सोडतें. डायोड तपासतांना तो साधारण अँपियरच्या हजाराव्या भागाएवढा असतो. इतक्यानें निरोगी भागास इजा होत नाहीं, आणि रोगी भाग मात्र बोलूं लागतो. फ्यूज, बटण आणि तारा अखंड आहेत कीं नाहींत हें प्रथम पहावें. मग पुरवठ्याची धन पट्टी आणि ऋण पट्टी यांच्यामधील रोध मोजावा. तेथें आंकडा हळूहळू चढत गेला तर कपॅसिटर भरत आहे असें जाणावें. तो शून्याशीं खिळून राहिला तर आंत कोठें तरी दोन्ही पट्ट्या एकमेकींस मिळाल्या आहेत, आणि अशा स्थितींत वीज लावणें म्हणजे आगीस आमंत्रण देणें होय. सिलिकॉनच्या चांगल्या डायोडवर मीटर एका दिशेनें सुमारें 0.5 ते 0.7 व्होल्ट दाखवितें आणि दुसऱ्या दिशेनें मुळींच वाट दाखवीत नाहीं.

येथें विचाराची खरी कसोटी लागते. कारण मीटर खोटें बोलत नाहीं, परंतु आपण त्यास काय विचारलें हें आपणच विसरतों. बोर्डावर बसलेल्या भागाभोंवतीं प्रवाहास दुसऱ्याही वाटा असतात. 10,000 ओहमचा रोधक बोर्डावर मोजला असतां 5,000 भरला, तर तो बिघडला असें म्हणतां येणार नाहीं. त्याच्याशीं समांतर तेवढाच दुसरा रोधक असला म्हणजे उत्तर तसेंच येईल. उलट, कपॅसिटर रिकामे असतां तोच रोधक 18,000 भरला, तर तो नक्की दोषी. कारण जादा वाट मिळाल्यानें रोध कमी होऊं शकतो, वाढूं शकत नाहीं. तात्पर्य, कमी आंकडा हा केवळ संशय, जास्त आंकडा हा पुरावा. संशय असेल तेथें भागाचा एक पाय सोडवून पुनः मोजावें. आमच्या ध्वनिवर्धकांतील निरपराधी डायोड याच न्यायानें सुटला होता.

मीटरच्या सुया एकमेकींस टेकवून पाहिल्या तरी बहुधा 0.1 ते 0.3 ओहम दिसतात. तो सुयांच्या तारांचा स्वतःचा रोध होय, आणि तो वजा केला पाहिजे. बोर्डावरील एक मिलिमीटर रुंद, दहा सेंटिमीटर लांब आणि नेहमींच्या जाडीच्या तांब्याच्या पट्टीचा रोध जेमतेम 0.05 ओहम असतो. यावरून ध्यानांत येईल कीं, साधें मीटर दोन पट्ट्या मिळाल्या आहेत हें सांगेल, पण त्या नेमक्या कोठें मिळाल्या हें सांगूं शकणार नाहीं. तेथें एकेक भाग सोडवून पाहण्याचें धैर्यच उपयोगी पडतें.

ज्याच्याजवळ नकाशा नाहीं त्यास आणखी एक सोपी युक्ति सांगतों. स्टिरिओ यंत्रांत डावी आणि उजवी अशा दोन सारख्या बाजू असतात. एक बंद आणि एक चालू असेल, तर वीज काढून दोन्हींवरील त्याच त्या जागा मोजाव्या व आंकडे वहींत समोरासमोर मांडावे. जेथें जोडी फुटते तेथें दोष जवळ आला असें समजावें. शाबूत भाग हाच बिघडलेल्याचा शिक्षक होतो.

माझ्या या मतावर आक्षेप येतील, आणि ते पोकळ नाहींत. कोणी म्हणेल कीं, कित्येक दोष वीज चालू असतांनाच प्रगट होतात. हें खरें आहे. थंड असतां मिटलेली भेग यंत्र तापल्यावर उघडते. आणि चिपमधील कार्यक्रम बिघडला असेल तर रोध मोजून तें कळणार नाहीं. पण वीज कधींच लावूं नये असें मीं म्हटलेलें नाहीं. ती प्रथम लावूं नये, एवढेंच माझें म्हणणें आहे. आमच्या बाजारांतील अनुभवी कारागीर आधीं बोर्ड न्याहाळतात, मग मीटर लावतात, आणि वीज द्यावयाची वेळ आली म्हणजे मध्यें 100 वॅटचा जुन्या तऱ्हेचा दिवा जोडतात. बोर्डांत दोष राहिला असेल तर दिवा लख्ख पेटतो आणि अर्ध्या अँपियरहूनही कमी प्रवाह पुढें जातो. ही त्यांची सावधगिरी पुस्तकांतून आलेली नाहीं. ती जळलेल्या बोर्डांनीं शिकविलेली आहे.

दुसरा आक्षेप पालकांचा. “एवढी यातायात कशाला? नवें आणूं.” कित्येकदां तेंच स्वस्त पडतें, हेंही मी मान्य करतों. परंतु 2022 या एका वर्षांत जगांत 6 कोटी 20 लाख टन विद्युत्-कचरा निर्माण झाला, आणि त्यांतील केवळ 22.3 टक्के रीतसर गोळा होऊन पुनः उपयोगांत आल्याची नोंद आहे, असें संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. आपल्या केंद्र सरकारनेंही डिसेंबर 2022 मध्यें ग्राहकांच्या दुरुस्तीच्या हक्कासाठीं स्वतंत्र संकेतस्थळ उघडलें. हक्क मिळाला तरी दुरुस्ती जाणणारे हात पाहिजेत. आणि ते हात शाळेंत तयार झाले नाहींत तर कोठें होणार?

म्हणून माझी एक लहानशी सूचना आहे. प्रत्येक शाळेच्या प्रयोगशाळेंत एक टेबल असें असावें कीं, ज्याच्याजवळ विजेचें एकही सॉकेट नाहीं. त्यावर शिक्षकांनीं तपासून निर्जीव ठरविलेले जुने बोर्ड, एक भिंग, एक मीटर, एक जुना दांत घासावयाचा ब्रश आणि एक वही एवढेंच असावें. विद्यार्थ्यानें एक बोर्ड घ्यावा. काय दिसलें, काय मोजलें, आणि त्यावरून काय अनुमान केलें हें वहींत तीन रकान्यांत लिहावें. दोष सांपडला नाहीं तर “सांपडला नाहीं” असें लिहावें. गुण दोष सांपडण्यास नव्हे, तर लिहिलेलें अनुमान पाहिलेल्या गोष्टींस धरून आहे कीं नाहीं यास द्यावे. या सर्वांस होणारा खर्च एका क्रिकेट-बॅटीच्या किंमतींत सहज भागेल.

पालकांस माझी विनंति अशी कीं, मुलानें बंद यंत्र उघडलें म्हणून त्यास मारूं नये, आणि त्याचें कौतुक म्हणून त्याच्या हातीं विजेची पिनही देऊं नये. “तूं काय पाहिलेंस?” एवढाच प्रश्न त्यास विचारावा. ज्या दिवशीं तो विद्यार्थी मला विचारावयास आला, त्या दिवशीं मीं हाच प्रश्न विचारावयास हवा होता. खुर्च्या मांडण्याचें काम पांच मिनिटें थांबलें असतें, आणि तो फ्यूज कां जळाला हें आम्हां दोघांस त्याच सायंकाळीं कळलें असतें.